पट्ट्यांचा हिशेब बियाण्यासारखा ठेवा



लहानपणी घसा आला, चार दिवस ताप राहिला, गुडघे-घोटे सुजले आणि आपोआप उतरले. घरच्यांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढे पंधरा-वीस वर्षांनी भांगलण करताना किंवा पाण्याची घागर उचलताना धाप लागू लागली, तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, की हृदयाची झडप खराब झाली आहे. खेड्यापाड्यांत ही कथा नवी नाही. यालाच संधिवाताच्या तापाने झालेला हृदयरोग म्हणतात. मग शस्त्रक्रिया होते आणि कित्येकांना कृत्रिम, यांत्रिक झडप बसवली जाते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली आपली भारतीय झडप १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसवली, आणि त्यानंतर हजारो गोरगरिबांना तिचा उपयोग झाला.

झडप बसली, टाके निघाले, माणूस घरी आला, की घरच्यांना वाटते सुटलो. खरे म्हणजे तेव्हापासून घरातल्या माणसांचे काम सुरू होते. यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. वॉरफेरिन किंवा असिट्रोम ही नावे तुमच्या ऐकण्यात असतील. लोक तिला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. रक्त काही दुधात पाणी घातल्यासारखे पातळ होत नाही. ते गोठायला जास्त वेळ लागतो एवढेच. किती वेळ लागतो ते मोजण्याचा आकडा म्हणजे आयएनआर. निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो. झडप बसवलेल्या माणसाचा साधारण दोन ते साडेतीन यांच्या मध्ये ठेवतात. कोणती झडप कुठे बसवली आहे त्याप्रमाणे डॉक्टर नेमकी हद्द लिहून देतात. आकडा त्या हद्दीखाली गेला तर गुठळी होऊन झडप अडकते, किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा होतो. हद्दीवर गेला तर रक्तस्राव होतो. दोन्ही बाजूंना खड्डा आहे, आणि बांधावरून चालायचे आहे.

या गोळीचा जन्म गोठ्यात झाला, हे कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. अमेरिकेत आणि कॅनडात १९२० च्या सुमारास गुरे अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे कापली तरी रक्त थांबेना. ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचा चारा ओला राहून बुरसला होता, तो खाल्ल्यामुळे हे होत होते. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी हिमवादळातून मेलेले जनावर, न गोठलेल्या रक्ताची बरणी आणि तो खराब चारा घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या शास्त्रज्ञाकडे पोचला. काही वर्षे खपून लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाऱ्यातले ते द्रव्य शोधून काढले. त्याच्याच कुळीतले वॉरफेरिन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरात आले. जे उंदराला मारते तेच आपल्या माणसाला जगवते. फरक मात्रेचा आहे, आणि मात्रा ठरते तपासणीवरून.

आता मुद्द्यावर येतो. पूर्वी या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाची मजुरी, असा तिहेरी फटका. आता बोटातून एक थेंब रक्त घेऊन घरच्या घरी मिनिटाभरात आयएनआर सांगणारी यंत्रे निघाली आहेत. रोश कंपनीचे कोआगुचेक हे त्यांतले आपल्याकडे जास्त ऐकू येणारे नाव. दिसायला ती साखर तपासायच्या यंत्रासारखीच, पण साखरेचे यंत्र किंवा साखरेची पट्टी इथे चालत नाही. दुकानात हे स्पष्ट सांगून घ्या, कारण ‘रक्त तपासायचे मशीन’ एवढेच म्हटले तर हातात साखरेचे यंत्र पडायचे.

यंत्र घ्यावे की नाही? माझे मत विचाराल तर, सर्वांनी घेऊ नये. तालुक्याच्या गावी बरी लॅब असेल, तुमचा आकडा स्थिर असेल आणि महिन्याला एकदाच तपासणी लागत असेल, तर लॅबच स्वस्त पडेल. लॅबमध्ये निळ्या टोपणाची नळी खुणेच्या रेघेपर्यंत भरून रक्त घेतले, एवढे मात्र पाहा. अर्धवट भरलेल्या नळीचा आकडा चुकतो. ज्यांचा आकडा सारखा वरखाली होतो, ज्यांना आठवड्या-पंधरवड्याला तपासावे लागते, ज्यांचे गाव दूर आहे, पावसाळ्यात ओढा आडवा येऊन वाट बंद होते, त्यांना यंत्राचा खरा उपयोग. घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. फार रक्तक्षय असेल तर यंत्र बरोबर आकडा दाखवत नाही, आणि रक्तातल्या काही विशिष्ट दोषांतही त्यावर विसंबता येत नाही. अंगात रक्त कमी असणे ही आपल्या बायकांची नेहमीचीच तक्रार, म्हणून हिमोग्लोबिन आधी तपासून घ्यावे.

यंत्राचा खर्च एकदाच येतो. खरा खर्च पट्टीचा. डिझेल इंजिन घेताना आपण नुसती इंजिनाची किंमत पाहत नाही, तासाला तेल किती पिते ते विचारतो. तसेच इथे. दुकानदाराला पहिला प्रश्न पट्टीबद्दल विचारा: एका डबीत किती पट्ट्या, एक पट्टी कितीला, आणि पुढच्या पाच वर्षांत ती इथे मिळत राहील का? कोणी स्वस्तात जुने यंत्र देऊ केले तर हा शेवटचा प्रश्न दोनदा विचारा. अमेरिकेत इनरेशियो नावाचे यंत्र आकडे चुकत असल्याच्या कारणाने २०१६ साली कंपनीने बाजारातून काढून घेतले. पट्ट्या मिळेनाशा झालेल्या यंत्राची किंमत शोभेच्या वस्तूएवढी.

आता पट्ट्यांचा हिशेब. आठवड्याला एक तपासणी म्हणजे वर्षाला बावन्न पट्ट्या, पंधरवड्याला म्हणजे सव्वीस, महिन्याला म्हणजे बारा. दोन-चार पट्ट्या रक्त कमी पडून किंवा हात हलून वाया जातात, त्या वरून धरा. सुरुवातीला हात बसेपर्यंत जास्तच जातील. समजा डबीत चोवीस पट्ट्या आहेत आणि मुदत संपायला चौदा महिने आहेत. महिन्याला एक लागणाऱ्या घरात चौदा वापरल्या जातील आणि दहा फेकून द्याव्या लागतील. म्हणजे डबीची किंमत चोवीसने भागून ‘एक पट्टी एवढ्याला’ असे म्हणणे ही स्वतःची फसवणूक. चौदाने भागा, मग खरा भाव कळेल. अशा घराने लहान डबी मिळते का ते विचारावे. ‘दोन डब्यांवर सूट’ असे कोणी सांगितले तर आधी मुदतीची तारीख वाचावी. सूट बहुधा त्या तारखेतच दडलेली असते. बियाण्याची पिशवी घेताना आपण उगवणशक्ती आणि मुदत पाहतो, लेबल जपून ठेवतो, पावती घेतो. पट्टीच्या बाबतीतही नेमके तेच करावे. पावतीवर गट क्रमांक, म्हणजे लॉट नंबर, लिहून घ्यावा.

लॉट नंबर कशाला, म्हणाल. २०१८ साली अमेरिकेत कोआगुचेक एक्सएसच्या दहा लाखांहून जास्त डब्या परत मागवल्या गेल्या, कारण त्या पट्ट्या वरचे आकडे खऱ्यापेक्षा जास्त दाखवत होत्या. अशा वेळी आपली डबी त्यातली आहे की नाही हे लॉट नंबरवरूनच कळते. काही यंत्रांत प्रत्येक डबीबरोबर एक छोटी चकती येते, तिला कोड चिप म्हणतात. नवी डबी उघडली की जुनी चिप काढून नवी घालायची, आणि चिपवरचा नंबर डबीवरच्या नंबराशी जुळवून पाहायचा. एका डबीतल्या पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतू नयेत. घरात रिकाम्या डब्यांचा सोस असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पट्टी आणणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ती सांभाळणे. कोआगुचेक एक्सएसच्या पट्ट्या दोन ते तीस अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात काय होते ते मी सांगायला नको. विदर्भ-मराठवाड्यात बाहेरच त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असतात. जनावरांच्या लशी बर्फाच्या पेटीतून का आणतात हे तुम्ही जाणता. पट्टीला बर्फ लागत नाही, पण ऊन तिलाही सोसत नाही. घरात फ्रिज असेल तर खालच्या खणात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मुळीच नको. वापरायच्या आधी डबी बाहेर काढून घरातल्या हवेइतकी होऊ द्या. फ्रिज नसेल तर एका मोठ्या कुंडीत लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि आतल्या मडक्यात घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पट्ट्यांची डबी ठेवावी. घट्ट झाकणाचा डबा मात्र हवाच, कारण पट्टीचा दुसरा वैरी ओल. माठाशेजारी, चुलीच्या वरच्या फळीवर, देवघरात समईजवळ, यातली एकही जागा योग्य नाही. मडक्यात पारा किती राहतो ते एखाद्या स्वस्त तापमापकाने पाहून घ्या. तीसच्या वर जात असेल तर शेजारच्या फ्रिजमध्ये नाहीतर गावातल्या औषधाच्या दुकानात सोय करावी. उन्हाळ्याचा साठा टपालाने मागवू नका. पार्सल गाडीत भर उन्हात किती तास पडून राहील ते कोणी सांगावे? होळीच्या आधीच मोजून आणून ठेवावा.

यंत्रालाही ऊन लागते. त्याच कोआगुचेक एक्सएसला तपासणीच्या वेळी भोवतालची हवा साधारण अठरा ते बत्तीस अंशांच्या मध्ये लागते, नाहीतर ते चूक दाखवून थांबते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे आणि थंडीत ऊन वर आल्यावर तपासावे. दुसऱ्या यंत्राचे आकडे वेगळे असतील. त्याची पुस्तिका घरातल्या शिकलेल्या सुनेकडून किंवा नातवाकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावी.

रक्त काढायची रीत शिकावी लागते. हात साबणाने आणि कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला खत, हळद, स्पिरिट काही राहता कामा नये. हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवा, म्हणजे रक्त उतरते. कष्टाच्या हातांना घट्टे पडलेले असतात. बोटाच्या मध्यावर टोचून उपयोग नाही, टोकाच्या बाजूला टोचा. आलेला पहिलाच थेंब, टोचल्यापासून पंधरा सेकंदांच्या आत, पट्टीला लावा. गाईचे आचळ पिळावे तसे बोट पिळू नका. त्याने रक्ताबरोबर दुसरे पाणी येते आणि आकडा चुकतो. पट्टी डबीतून काढली की दहा मिनिटांत वापरली पाहिजे आणि झाकण लगेच लावले पाहिजे. थेंब अपुरा पडला तर त्याच पट्टीवर दुसरा थेंब चढवू नये. पट्टी गेली असे समजावे आणि नव्या पट्टीला दुसऱ्या बोटाचे रक्त घ्यावे. जीव हळहळतो, पण चुकीचा आकडा त्याहून महाग.

एकाच गावात दोन घरांत असे रुग्ण असतील तर यंत्र भागीत घ्यावे का, असा विचार कोणाच्याही मनात येईल. आपण विहीर भागीत घेतो, मोटर भागीत घेतो. हे यंत्र घरगुती वापरासाठी एकाच माणसाचे धरलेले असते, तेव्हा डॉक्टरांना आणि कंपनीच्या माणसाला विचारल्याशिवाय तसे करू नये. आणि सुई किंवा सुई बसवायचे पेन मात्र भागीत कदापि नाही, सख्ख्या भावाशीसुद्धा नाही. त्यातून कावीळ-बी आणि एचआयव्ही एकाचा दुसऱ्याला लागतो. सुई एकदाच वापरायची. म्हणून पट्ट्यांपेक्षा सुया थोड्या जास्त आणाव्यात; त्या स्वस्त असतात.

आकडा आला की वहीत लिहा. तारीख, आकडा, त्या दिवसापर्यंत घेत असलेली गोळी किती मिलिग्रॅमची, पट्टीचा लॉट नंबर, आणि त्या आठवड्यात काही वेगळे घडले असेल तर ते. आकडा हद्दीबाहेर गेला की डॉक्टरांना फोन करायचा आणि ते सांगतील तशी गोळी बदलायची. यंत्र घरी आले म्हणजे डॉक्टर घरी आला असे नव्हे. आपल्या मनाने अर्धी गोळी कमी, पाव वाढ, असे खेळ करू नका. फारच वरचा आकडा आला तर लॅबमध्ये शिरेतले रक्त तपासून खात्री करा. शिवाय दर चार-सहा महिन्यांनी एकाच दिवशी दोन्हीकडे तपासून आकडे ताडून पाहावेत, जसा काटा मापाने तपासतो तसा. गोळी घेताना नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचा. वॉरफेरिन आणि असिट्रोम या वेगवेगळ्या गोळ्या आहेत. एकीचे दोन मिलिग्रॅम म्हणजे दुसरीचे दोन मिलिग्रॅम नव्हे. दुकानदाराने ‘हे घ्या, तेच आहे’ म्हटले तरी घेऊ नये. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत हे खरे, पण यांत्रिक झडपेसाठी त्या चालत नाहीत. तसा एक प्रयोग २०१२ साली रुग्णांना अपाय दिसल्यामुळे थांबवावा लागला.

वहीत ‘वेगळे घडले’ म्हणजे काय, ते आपल्या जेवणात पाहा. मेथी, पालक, शेपू, चाकवत, तांदुळजा यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात घरात रोज पालेभाजी, उन्हाळ्यात ती दिसेनाशी. मग आकडा आपला ऋतूप्रमाणे हलतो आणि यंत्राला दोष दिला जातो. भाजी सोडायची नाही. बेताने, बारा महिने जवळपास सारखी खायची. श्रावणातले कडक उपवास, दारू, अंगदुखीच्या गोळ्या, जुलाबावरच्या आणि क्षयावरच्या काही गोळ्या, झाडपाला, या साऱ्यांनी आकडा तरी हलतो किंवा रक्तस्राव तरी वाढतो. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की तोंड उघडताच सांगा, ‘मी रक्त पातळ करायची गोळी घेतो.’ कमरेत सुई मारून घेऊ नका. आत रक्त साकळते. आणि तरुण सुनेला झडप बसवलेली असेल तर मूल होऊ देण्याचा विचार आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. पाळी चुकली तर त्याच दिवशी. या गोळीने पोटातल्या गर्भाला व्यंग येऊ शकते. यात सासूने लाजू नये आणि सुनेनेही लाजू नये.

काळी शी, लाल लघवी, थांबत नाही असा घोळणा, डोक्याला बसलेला मार, मग वरून जखम नसली तरी. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडे बोलणे, किंवा झडपेची रोजची टिकटिक मंद होणे, यातले काहीही झाले तर यंत्र शोधत बसू नका. गाडी काढा आणि दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली तरी पट्ट्यांचा खर्च बहुधा घरावरच पडतो. पुढच्या तपासण्यांपैकी काही मोफत मिळते का ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दसऱ्याला निघण्याआधी सहा महिन्यांच्या गोळ्या-पट्ट्यांचा हिशेब करावा, वहीची नक्कल जवळ ठेवावी, आणि कारखान्याजवळ लॅब कुठे आहे ते पहिल्या आठवड्यात पाहून ठेवावे. कोपीत पट्ट्या थंड राहणार नसतील तर यंत्रापेक्षा ती लॅब बरी.

राहता राहिल्या वापरलेल्या सुया. त्या उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्यावरची सुई शेणखताबरोबर शेतात जाते आणि पुढच्या पेरणीला कोणाच्या तरी अनवाणी पायात शिरते, नाहीतर वैरणीतून गाईच्या पोटात. जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या, तिच्यात सुया टाकत जा, पाऊण भरली की बूच घट्ट लावून चिकटपट्टी मारा, आणि आशाताईंना विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्या. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असे लिहा, म्हणजे रॉकेलची समजून कोणी उघडणार नाही.